रेंज आहे, पण नंबर लागत नाही

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)

मराठी भाषा गौरव दिनाला एका कॉलेजने मला कविता वाचायला बोलावले होते. कॉलेजचे नाव सांगत नाही. तिथे जे घडले ते आणखी पन्नास ठिकाणी घडत असणार, मग एकालाच बोल कशाला? माझे वाचन झाले, शाल-श्रीफळ झाले आणि मग मराठीच्या मॅडमनी एक नवा उपक्रम जाहीर केला. हॉलमध्ये ११० मुले-मुली होती. प्रत्येकाने आपापल्या मोबाइलवर चार मिनिटांचे एक कवितावाचन ऐकायचे आणि मोबाइलवरूनच दहा प्रश्नांची उत्तरे पाठवायची. अंतर्गत परीक्षेचे पाच गुण त्याला होते. कॉलेजचे वायफाय सगळ्यांना खुले होते.

मॅडमनी 'सुरू करा' म्हटले आणि ११० पडद्यांवर ते गोल चक्र फिरू लागले. पाच मिनिटे फिरले, दहा मिनिटे फिरले. ज्यांच्या मोबाइलमध्ये स्वतःचा डेटा शिल्लक होता त्यांनी वायफाय बंद केले आणि ते मोकळे झाले. उरलेली मुले हात उंच करून, खिडकीशी जाऊन, मोबाइल बंद-चालू करून पाहत होती. मॅडम म्हणाल्या, "सगळ्यांना रेंज दाखवतेय ना? मग अडतंय कुठं?" शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. "मॅडम, रेंज फुल्ल आहे, पण नंबरच लागत नाही." सगळे हसले. तास संपला. तिचे आणि तिच्यासारख्या तीसेक जणांचे पाच गुण तिथेच राहिले.

मी बी.ए. झालेला माणूस, विज्ञानाशी माझा संबंध दहावीलाच सुटला. पण त्या मुलीचे वाक्य डोक्यातून जाईना. माझा भाचा कॉलेजांत, इस्पितळांत वायफाय बसवण्याचे काम करतो. त्याला सगळे सांगितले. तो म्हणाला, "मामू, त्या पोरीला जे कळलं ते टेंडर काढणाऱ्यांना कळत नाही." पुढचे दोन-तीन रविवार तो मला समजावत बसला. त्याने सांगितलेले आणि मग मी स्वतः शोधून वाचलेले, असे मिळून आज तुमच्यापुढे ठेवतो.

सुरुवात या रेडिओपासूनच करू. मी इथे स्टुडिओत बसून बोलतो आहे. ऐकणारे शंभर असोत की एक लाख, त्यामुळे माझा आवाज कुणाच्या वाट्याला कमी येत नाही. शेजारच्या घरात रेडिओ लागला म्हणून तुमच्या घरातला बारीक होत नाही. याचे कारण साधे आहे. तुम्ही फक्त ऐकता, उलट बोलत नाही. (घरी बसून बोलत असाल, पण ते माझ्यापर्यंत पोचत नाही, हे माझे नशीब.)

वायफाय हाही रेडिओच. त्याच जातीच्या लहरी, फक्त फार जास्त वेगाने थरथरणाऱ्या. छताला पांढऱ्या बशीसारखी वस्तू लावलेली असते, तिला अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणतात. भाचा आणि त्याची मंडळी नुसते 'एपी' म्हणतात. फरक असा की इथे ऐकणारा प्रत्येक जण बोलतोही. एखादे पान उघडायचे तर आधी मोबाइल मागणी पाठवतो. मग पान तुकड्यातुकड्यांनी येते आणि तुकडे मिळाल्याची पोच मोबाइलला परत द्यावी लागते. हे सगळे येणे-जाणे हवेतल्या एकाच वाटेने होते. त्या वाटेवर एका वेळी एकानेच बोलायचे असते. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते, पुन्हा पहिल्यापासून बोलावे लागते. ११० मोबाइल म्हणजे एका खोलीत कोंडलेली ११० रेडिओ स्टेशने. आता सांगा, कोण ऐकणार आणि कोणाचे?

हा पेच पहिल्यांदा एका विद्यापीठालाच पडला होता. पॅसिफिक महासागरात हवाई नावाची बेटे आहेत. तिथल्या विद्यापीठाचा मोठा संगणक होता ओआहू बेटावर आणि तो वापरू पाहणारे लोक होते इतर बेटांवरही. टेलिफोनच्या तारांनी ही बेटे जोडणे महागाचे आणि बेभरवशाचे काम. नॉर्मन अब्रॅमसन नावाचे प्राध्यापक तिथे होते. हवाईला आले त्यामागे समुद्राच्या लाटांवर फळीवरून घसरण्याची आवड हेही एक कारण होते म्हणतात. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तारांना फाटा देऊन रेडिओलहरींनी बेटे जोडली. १९७१ च्या जूनमध्ये हे जाळे चालू झाले. नाव ठेवले 'अलोहानेट'. अलोहा म्हणजे तिकडचा सलाम. येतानाही म्हणायचा, जातानाही. मधल्या यंत्राला त्यांनी 'मेनेहुने' हे हवाईच्या लोककथांतल्या बुटक्या, कष्टाळू जमातीचे नाव दिले. शास्त्रज्ञांनाही नावे ठेवताना कवी व्हावेसे वाटते, ही मला दिलासा देणारी गोष्ट आहे.

त्यांचा नियम फार सोपा होता. ज्याला बोलायचे त्याने खुशाल बोलावे. मेनेहुनेकडून पोच आली तर ठीक. नाही आली तर कुणाशी तरी टक्कर झाली असे समजावे, थोडा वेळ थांबावे आणि पुन्हा बोलावे. किती थांबायचे, हे प्रत्येकाने चिठ्ठी उचलल्यासारखे नशिबावर ठरवायचे. सगळे सारखेच थांबले तर पुन्हा सगळे एकदमच बोलतील. गर्दी नसते तेव्हा हा नियम सुरेख चालतो. गर्दी वाढली की मात्र टकरी इतक्या होतात की हिशेबाने पाहता त्या वाटेचा जास्तीत जास्त १८ टक्केच वेळ कामी येऊ शकतो. पुढे नियमात सुधारणा झाल्या. आजचे वायफाय बोलण्याआधी कान देते, कुणी बोलत नाही ना हे पाहते, मग चिठ्ठी उचलते. टक्कर झाली तर पुढच्या खेपेला अधिक लांबच्या चिठ्ठ्या काढते. पण मूळ स्वभाव तोच, अलोहाचा. सगळ्यांना मोकळीक, आणि गर्दीत सगळ्यांची कोंडी.

इथे मला मुशायरा आठवला. जुन्या मुशायऱ्यात शमा फिरवायचे. ज्याच्यापुढे शमा ठेवली जाई त्यानेच बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे आणि दाद द्यायची. आता शमेच्या जागी माइक आणि निवेदक आले, पण रीत तीच. वायफायच्या मुशायऱ्यात शमा नाही, निवेदक नाही. ज्याला शांतता दिसली त्याने शेर म्हणायला घ्यायचा. दहा शायर असतील तर निभून जाईल. सगळी सभ्य माणसे आहेत. ११० असतील तर?

याचे उत्तर आपल्या मुंबईतच शोधले गेले आहे. पवईच्या आयआयटीत मुकुलिका मैती, भास्करन रामन आणि मैथिली वुटुकुरू या संशोधकांनी प्रयोगशाळेऐवजी खऱ्या वर्गातले वायफाय मोजले. त्या वर्गात बरीच मुले एकाच वेळी वायफायवरून प्रश्नपत्रिका आणि अभ्यासाचे साहित्य उतरवून घेत. आधीच्या अभ्यासकांचे म्हणणे असे होते की गर्दीतही ही यंत्रणा स्वतःला सावरून घेते. पवईच्या वर्गात तसे झाले नाही. साहित्य उतरवताना मोबाइल जे थोडेसे उलट पाठवतो तेवढ्यानेही ताल बिघडतो आणि टकरी सुरू होतात. मग एक दुष्टचक्र लागते. टक्कर झाली की यंत्राला वाटते, आपला आवाज पोचत नसावा. म्हणून ते हळूहळू, सावकाश बोलू लागते. सावकाश बोलले की वेळ जास्त लागतो. वेळ जास्त लागला की मागे रांग वाढते आणि टकरी आणखी होतात. त्या हॉलमध्ये मी दहा मिनिटे पाहिले ते गोल चक्र म्हणजे हेच चक्र होते.

त्यांनी सुचवलेला उपाय वाचून मी भाच्याला रात्री फोन केला. उपाय असा: एपीने एका वेळी सगळ्यांची सेवा करू नये. थोड्याच मोबाइलांना निवडावे, त्यांचे काम करावे, मग पुढच्या थोड्यांकडे वळावे. बाकीच्यांनी तोवर गप्प राहावे. म्हणजे शमाच की! भाचा म्हणाला, "मामू, रात्रीचे साडेअकरा वाजलेत." पण हेही त्यानेच सांगितले की अलीकडच्या 'वायफाय ६' या प्रकारात असे नंबर लावण्याची सोय मुळातच आहे. तिथे एपी ठरवू शकतो की आता कोणी बोलायचे, आणि वाटेचे अरुंद पट्टे पाडून अनेकांना एकदमही बोलू देऊ शकतो. अट एकच, समोरचा मोबाइलही त्या पिढीचा हवा. थोरल्या भावाचा पाच-सात वर्षांचा जुना मोबाइल वापरणाऱ्या मुलाला ती शमा बहुधा दिसतच नाही.

जुन्या, स्वस्त मोबाइलचा आणखी एक गुंता आहे. वायफायमध्ये प्रत्येकाला बोलण्याची संधी साधारण सारखी मिळते. वेळ मात्र सारखा मिळत नाही. एपीच्या खाली बसलेला नवा मोबाइल झटकन आपले म्हणून मोकळा होतो. दोन भिंतींपलीकडचा मोबाइल तेवढेच बोलायला दहापट वेळ घेतो. मुशायऱ्यात प्रत्येकाला एकच गझल असे ठरलेले असते. पण एक बुजुर्ग तरन्नुमात घेतात, प्रत्येक मिसरा तीनदा म्हणतात, आणि रात्र संपते. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरातल्या संशोधकांनी २००३ मध्ये हे गणिताने दाखवले होते. त्यांनी तपासलेल्या वायफायचा कमाल वेग ११ एमबीपीएस होता. त्यात एकच जण १ एमबीपीएसने बोलणारा निघाला की ११ वाल्यांनाही एकापेक्षा कमीच पदरात पडे.

हे ऐकून 'मागच्या मुलांना जोडूच देऊ नका' असे म्हणणारे लोक मला भेटले आहेत. दोष त्या मुलाचा किंवा त्याच्या मोबाइलचा नाही. एपी त्याच्यापासून दोन भिंती लांब लावला, हा दोष आहे.

आता रेंजच्या काड्यांबद्दल. त्या काड्या काय सांगतात? एपीचा आवाज तुमच्या मोबाइलला किती मोठा ऐकू येतो, एवढेच. तुमच्या मोबाइलचा आवाज एपीला ऐकू जातो का, हे त्या सांगत नाहीत. एपी विजेवर चालतो, त्याचा गळा मोठा. मोबाइल बॅटरीवर चालतो, त्याचा गळा बारीक. मंचावरच्या कर्ण्याचा आवाज शेवटच्या रांगेत स्वच्छ येतो. शेवटच्या रांगेतली 'वाहवा' मंचापर्यंत येत नाही. ती मुलगी काड्या पाहत होती, मॅडम काड्या पाहत होत्या, आणि एपीला शेवटच्या बाकाचा पत्ताही नव्हता. त्यातून हॉलच्या दोन टोकांना असलेले मोबाइल एकमेकांना ऐकू शकत नाहीत. दोघांनाही वाटते शांतता आहे, दोघेही बोलायला लागतात आणि टक्कर होते मधल्या एपीपाशी.

मग हे जाळे विणायचे कसे? यातले पहिले मोठे काम अमेरिकेत पिट्सबर्ग शहराच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात झाले. अ‍ॅलेक्स हिल्स नावाच्या प्राध्यापकांनी १९९३ मध्ये ते हाती घेतले. तेव्हा 'वायफाय' हा शब्दही जन्मला नव्हता. या बिनतारी जाळ्याचे पहिले प्रमाण-नियम १९९७ मध्ये आले. आधी काही इमारती आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस सगळा परिसर, असे ते वाढत गेले. आपल्याकडे यातला २.४ गिगाहर्ट्झचा लहरीपट्टा परवान्यातून पूर्ण मोकळा झाला तो २००५ मध्ये. ५ गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा उघड्यावरच्या वापरासाठीही खुला व्हायला २०१८ उजाडले.

हिल्स यांच्या अनुभवातून जी रीत पुढे आली ती मला फार आवडली, कारण तिच्यात पायी चालणे आहे. नकाशावर अंदाजाने एपी मांडायचे. मग मोजयंत्र घेऊन इमारत खोलीखोलीने पालथी घालायची. कुठे आवाज पोचतो, कुठे नाही, कुठे नको तितका पोचतो, ते टिपायचे. एपी हलवायचे, पुन्हा चालायचे. इमारतीला मजले असतात, हेही विसरायचे नाही. दुसऱ्या मजल्यावरचा एपी पहिल्या आणि तिसऱ्या मजल्यावरही ऐकू येतो. आपल्या जुन्या कॉलेजांच्या काळ्या दगडाच्या हातभर जाड भिंती, ग्रंथालयातली पोलादी कपाटे, आणि माणसेसुद्धा! माणसाच्या अंगात पाणी पुष्कळ, आणि पाणी या लहरी शोषून घेते. रिकाम्या हॉलमध्ये घेतलेले मोजमाप भरलेल्या हॉलमध्ये खोटे ठरते. भाचा म्हणतो, कंत्राटदार नेहमी सुट्टीत मोजायला येतात.

दुसरे काम वाटा वाटून देण्याचे. शेजारशेजारच्या दोन एपींना एकच वाट दिली तर ते दोन वेगळे एपी राहत नाहीत. एकाच रांगेत उभे असलेले दोन दुकानदार होतात. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींना न भिडणाऱ्या वाटा तीनच धरतात: १, ६ आणि ११. शाळेत नकाशा रंगवताना शेजारच्या जिल्ह्याला तोच रंग द्यायचा नाही असे सांगत, तसेच हे. फक्त खडू तीनच आणि नकाशा तिमजली. म्हणून गर्दीच्या जागी ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरतात. तिथे वाटा अधिक आहेत. त्या लहरी भिंतीपलीकडे कमी जातात हे वैगुण्य वाटते, पण गर्दीत तोच गुण ठरतो. या वर्गाचे बोलणे या वर्गातच राहते.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज आडवा येतो. नेट चालत नाही म्हटले की संस्थाचालक म्हणतात, "जास्त ताकदीचा बसवा." एक मोठा एपी, सगळी इमारत त्याच्या आवाक्यात, एका बिलात काम. पण आवाका मोठा म्हणजे रांगही मोठी. तो तीन वर्ग, ऑफिस आणि व्हरांडा यांना एकाच रांगेत उभा करतो. गर्दीच्या जागी करायचे असते ते उलट. एपी जास्त, प्रत्येकाचा आवाज लहान, आणि जागा व्हरांड्यात नव्हे तर मुलांच्या डोक्यावर. त्या कॉलेजात एपी हॉलबाहेरच्या व्हरांड्यात होता. दोन वर्ग आणि स्टाफरूमही त्याच्यावरच. बसवणाऱ्याने परिसर मोजला होता, बाक मोजले नव्हते.

बाक मोजून पाहू. चार मिनिटांचे ते ध्वनिमुद्रण साधारण ४ एमबीचे असेल. ११० जणांचे झाले ४४० एमबी. एका एपीची प्रत्यक्षातली चाल ३० एमबीपीएस धरली आणि सगळे शिस्तीत आले, तर हे सगळे दोन मिनिटांत उरकते. दोन मिनिटांत! कागदावर काही अडतच नाही. बाकीचा सगळा वेळ टकरींनी, सावकाश बोलण्याने आणि पुन्हापुन्हा मागण्याने खाल्ला.

हे गणित सांगून झाल्यावर भाचा हसत म्हणाला, "पण मामू, ते रेकॉर्डिंग हॉलच्या स्पीकरवर का नाही लावलं?" मी गप्प. जे सगळ्यांनी एकाच वेळी ऐकायचे आहे ते एकदाच मोठ्याने लावावे, हे माझ्यासारख्या रेडिओवर बोलणाऱ्याला तरी सुचायला हवे होते. प्रत्येकाचे वेगळे होते ते फक्त उत्तर, आणि दहा उत्तरांचे वजन एसएमएसएवढे. जाळे विणणारा आणि तास घेणारा आधी एकत्र बसले असते तर एपीवर निम्माही भार आला नसता.

मोबाइलवरचे शिकणे तासापुरते नसते, हेही लक्षात घ्यायला हवे. अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजने २००१ मध्ये सगळ्या परिसरात बिनतारी जाळे घातले. तिथल्या डेव्हिड कॉट्झ आणि कोबी एसियन यांनी १६१ इमारतींतल्या ४७६ एपींवर सुमारे दोन हजार जणांची वर्दळ तपासली. सर्वात जास्त वापर निघाला तो राहण्याच्या इमारतींत, त्यातही नव्या विद्यार्थ्यांच्या. आणखी एक गंमत दिसली. काही यंत्रे दोन-तीन एपींच्या मध्ये सापडून सारखी इकडून तिकडे उड्या मारत होती, एकाचा हात धरून बसायला तयार नव्हती. चालत चालत एका एपीकडून दुसऱ्याकडे जाणे हा बिनतारी जाळ्याचा मोठा गुण. पण सीमारेषा नीट आखल्या नाहीत तर जागेवर बसलेल्यालाही भटकायला लावतो.

आपल्याकडे हाच हिशेब मांडायचा तर वसतिगृह आहेच. शिवाय ग्रंथालयाच्या पायऱ्या, कँटीनमागचा कट्टा आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे गेटजवळची ती जागा, जिथे खेड्यातून येणारी मुले संध्याकाळच्या एसटीची तासभर वाट पाहतात. तो तास त्यांच्या अभ्यासाचा आहे. घरी गेल्यावर चूल आहे, गुरे आहेत, कधी वीज नाही, कधी रेंज नाही. २०२० च्या टाळेबंदीत कोकणात मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती, ते आपण विसरलो नसू. एपी प्राचार्यांच्या दालनात तर असतोच. गेटवर आहे का, हे बघायला हवे.

छतापर्यंतचे हे झाले. पुढे एपीमागची तार असते आणि तारेमागे बाहेरून येणारी नळी. २००९ च्या केंद्र सरकारच्या शिक्षण अभियानात कॉलेजांना प्रत्येकी ५१२ केबीपीएसच्या २० जोडण्या, म्हणजे सगळ्या मिळून १० एमबीपीएस द्यायचे ठरले. २०१० मध्ये राष्ट्रीय ज्ञान जाळे आले आणि विद्यापीठांपर्यंत एक जीबीपीएसची वाट झाली. तेव्हा ही मोठीच गोष्ट होती. पण १० एमबीपीएस ११० जणांत वाटून पाहा. प्रत्येकाला ९० केबीपीएसच्या आसपास येते. आज नळ्या जाड झाल्या आहेत, मागणीही तितकीच फुगली आहे. यावर जुनाच, घरगुती उपाय आहे. पाणी रात्री भरून ठेवायचे. ज्या व्याख्यानांची वर्गाला गरज आहे ती रात्री एकदा कॉलेजच्या सर्व्हरवर उतरवून घ्यायची. सकाळी मुलांनी ती तिथून घ्यायची. बाहेरची नळी मोकळी राहते.

राहिला दरवाजा, म्हणजे लॉगिन. दर दोन तासांनी पासवर्ड विचारणारी आणि त्यासाठी मोबाइलवर ओटीपी पाठवणारी कॉलेजे मी पाहिली आहेत. ज्याचा रिचार्ज संपून महिने झाले म्हणून तो वायफायकडे आला, त्याला ओटीपी येणार कुठून? नेदरलँड्समध्ये २००२ मध्ये क्लास विरेंगा यांनी मांडलेल्या कल्पनेतून 'एज्युरोम' ही व्यवस्था उभी राहिली. आपल्या संस्थेचे एकच नाव आणि पासवर्ड घेऊन दुसऱ्या कोणत्याही सहभागी संस्थेत गेले तरी मोबाइल आपोआप जोडला जातो. यजमान संस्था पासवर्ड पाहत नाही. 'हा तुमचाच ना?' एवढे मूळ संस्थेला विचारते. शंभराहून अधिक देशांत ती चालते. भारतात 'अर्नेट' ही संस्था ती पाहते आणि पवईच्या आयआयटीत ती आहे. तालुक्याच्या कॉलेजातल्या मुलाला विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेल्यावर असे आपोआप आत घेतले जावे, इतके साधे ते आहे.

त्या कॉलेजात पुढे काय झाले, असे तुम्ही विचाराल. मी मॅडमना फोन केला, भाच्याला घेऊन एका शनिवारी गेलो. नवे काही विकत घ्यायला प्राचार्यांकडे पैसे नव्हते, पण त्यांनी शिडी दिली. व्हरांड्यातला एपी काढून हॉलच्या छताला लावला. बंद पडलेल्या संगणक-खोलीत एक चांगला एपी धूळ खात होता, तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेला. दोघांना वेगळ्या वाटा दिल्या, दोघांची ताकद कमी केली. प्राचार्य म्हणाले, "कमी? अहो, आधीच चालत नाही!" भाच्याने त्यांना खुर्चीवर बसवून सगळे पुन्हा सांगितले. त्याच एपीवर स्टाफ, स्टुडंट, गेस्ट आणि एक्झाम अशी चार नावे चालू होती. प्रत्येक नावाची हाळी एपी सेकंदाला दहा वेळा देतो, तीही सर्वात सावकाश आवाजात. दोन नावे बंद केली. तेवढाच गलका कमी झाला.

मॅडमनी चाचणी पुन्हा घेतली. ध्वनिमुद्रण स्पीकरवर लावले, प्रश्न तीन तुकड्यांत सोडले. शेवटच्या बाकावरची ती मुलगी दुसऱ्या तुकडीत होती. तिचे उत्तर गेले तेव्हा तिने मोबाइल उंच धरून मला दाखवला. गंमत म्हणून मीही माझ्या मोबाइलवर ती चाचणी दिली. चौथा प्रश्न माझ्याच कवितेवर होता. चार पर्यायांपैकी मी जो निवडला तो चूक निघाला. मॅडमना विचारले तर म्हणाल्या, "सर, कवीला काय अभिप्रेत आहे, ते गाइडमध्ये वेगळं दिलंय."